कमी उंचीवर

सुश्रुत कार्डिफला गेला, त्यानंतर
मोज्यांच्या खणात हे सापडलं:
तळहातात मावेल एवढं यंत्र, डाव्या बटणावर सेलोटेप,
पडद्यावर एक चरा. चार्जर
कुठल्याशा जुन्या फोनचा लावून पाहिला, चालला.

औषधांचं दुकान सहाला बंद होतं.
डॉल्गेथ्लायमध्ये सहानंतर
नदी आणि चिप्सवाला, एवढेच चालू.
म्हणून मी लढाऊ विमान चालवते.

आधी तीनदा डोंगरावर आपटले.
मग कळलं, नाक वर करायचं तर
कळ खाली ओढायची.
उलटं आहे एवढं लक्षात ठेवलं की जमतं;
संसारातही कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

हेडफोनमध्ये एक माणूस सारखा खेकसतो,
लक्ष्य समोर आहे, लक्ष्य समोर आहे, मारा.
आमच्या जुन्या मॅनेजरची ती घाई,
जिला कारण लागत नसे.
लाल चौकट समोरच्या विमानावर बसते, पीं पीं करते,
आणि मी निसटते खाली,
अगदी खाली, जिथे कुणा चित्रकाराने
इथे कोण बघायला येतंय म्हणून
उरकून टाकलेलं एक गाव आहे.

अकरा घरं. प्रत्येकाला तीच खिडकी.
एकच झाड सतरा ठिकाणी चिकटवलेलं.
रस्त्यावर चिटपाखरू नाही, दोरीवर कपडा नाही.
तरी मी तिथे वेग कमी करते.
न जाणो.

मंगळवारी खरी आली.
आधी फडताळातल्या बाटल्या किणकिणतात,
मग आवाज, मग कानात नुसती पोकळी.
मिसेस प्रिचर्ड म्हणाल्या, पोरं सराव करतायत,
आणि गुडघ्याचं मलम पिशवीत टाकलं.

बारा वर्षांचा असताना सुश्रुतने मला
वर खिंडीपाशी चढवत नेलं होतं.
तिथे विमानं आपल्या पायाखालून जातात.
मला हेल्मेट दिसलं. ते वळलं.
त्याने आपल्याला पाहिलं, आई! दिवसभर हेच.
मेंढ्यांनी चरणं थांबवलं नाही.
माझ्या मनात एवढंच, की
हा इतक्या खालून जातो
हे याच्या घरी माहीत आहे का?

काल इंधन संपलं.
खेकसणारा माणूससुद्धा गप्प झाला.
मी नाक धरून ठेवलं, धरून ठेवलं,
शेवटच्या घरावरून, शेवटच्या झाडावरून,
आणि पलीकडच्या हिरव्या रंगात उतरवलं.
उतरवलं म्हणजे आपटलंच.
मोहीम अयशस्वी. पाडलेली विमानं शून्य.
पुन्हा?

रात्री त्याचा फोन आला.
कितव्या लेव्हलला पोचलीस?
पहिल्याच.
अजून?
अरे, त्या गावावरून जाताना वेळ लागतो.
तिकडे कुणीतरी मायक्रोवेव्ह बंद केला.
गाव? म्हणाला. कुठलं गाव?