एकशेसात ते दोनशे चौदा

जिन्याखालच्या कपाटात, लोकरीच्या नमुन्यांना खेटून
कंपनीचं टेलिफोन केंद्र बसलेलं असतं,
बुटांच्या खोक्याएवढं.
धूळ बसू नये म्हणून कुणीतरी त्यावर
जुनं कॅलेंडर पांघरलंय.
पुंता अरेनासमध्ये आज वारा असा
की कोपऱ्यावर माणसं खांब धरून उभी.
मालकीणबाईंचा निरोप एका ओळीचा:
फोनवर चेहरे दिसायला हवेत.

काम म्हटलं तर थोडंच.
व्हिडिओ: नाही. हे खोडून व्हिडिओ: हो.
मग कोडेकची यादी, पंगत बसवावी तशी,
आवाज पहिल्या पाटावर, चित्र दुसऱ्या,
आणि दोन्ही टोकांना एकच वाढलेलं चालेल ना,
एवढं विचारून घ्यायचं.
नाही पटलं तर चित्र उपाशी उठतं.
आवाज जेवून जातो, त्याला काहीही चालतं.

मग भिंतीतली दारं उघडायची,
दहा हजारापासून वीस हजारापर्यंत.
मी थोडी उघडली. घाबरट आहे मी.

चाचणीला एकशेसात घेतला: देसिदेरिओ मान्सिया, हिशेबखातं.
पलीकडे दोनशे चौदा: ज्लाता मारूसिच, पोर्वेनिरचं गोदाम,
मधे सामुद्रधुनी.
एकोणीस वर्षं, रोज सव्वानऊला,
गठ्ठे किती, ओले किती, बोट निघाली का.
भेट? नाही. बोट अडीच तासांची,
पण तसं काम कधी पडलंच नाही, म्हणाला.

घंटी गेली. चित्र आलं.
टेबलाशी एक बाई, चष्मा कपाळावर,
संत्र्याची साल एका लांब पट्टीत सोलत होती.
"देसिदेरिओ? तुझा पडदा काळा आहे.
मला काहीच दिसत नाही."

त्याला दिसत होतं. सगळं.
साल तुटली, तिनं जीभ चावली, तेसुद्धा.

त्यानं फोन उचलला आणि
पडदा खाली करून टेबलावर पालथा ठेवला.
"मलाही नाही," तो म्हणाला.
मग माझ्याकडे न बघता, हलक्या आवाजात,
"तिकडून दिसेपर्यंत असाच राहू दे."

मी कपाटात गेलो. चूक माझीच होती.
केंद्र तिच्या फोनला पत्ता सांगत होतं घरातला,
आतला, जो भिंतीबाहेर कुणाला ठाऊक नसतो.
तिची चित्रं इथं येत होती,
याची तिकडे निघून वाटेतच विचारत फिरत होती, हे घर कुठलं.
बाहेरचा पत्ता लिहिला. आणखी दारं उघडली.
केंद्र बंद करून चालू केलं.
वीस मिनिटं गेली.
परत आलो तर फोन तसाच पालथा,
आणि ती दोघं त्याच्या पाठीवरून
मंगळवारच्या बोटीचं बोलत होती.

"आता बघा," मी म्हणालो.
त्यानं आधी शर्टाची कॉलर बघितली.

बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
मला वाटलं, आवाज गेला. मीटर बघितला. आवाज होता.
"तू बुटका असशील असं वाटायचं," ती म्हणाली.
"मी बसलोय," तो म्हणाला.
मग हसू, दोन्हीकडून,
पाव सेकंदाच्या फरकानं.

महिन्यानं नोंदी काढल्या, मालकीणबाईंना दाखवायला.
एकशेसात ते दोनशे चौदा:
चित्रासह, चार मिनिटं अकरा सेकंद. एकदा.
त्यानंतर रोज सव्वानऊ, फक्त आवाज.
बाई म्हणाल्या, पैसे पाण्यात.
मी खाली बघितलं.

पण गुरुवारच्या नोंदी वेगळ्या आहेत.
दर गुरुवारी, सहा-सात मिनिटं, चित्र.
मी विचारलं नाही. एकदा मागून जाताना दिसलं:
पडदाभर लोकर, नुसती पिवळसर लोकर,
डाग कुठं आहे ते दाखवायला कॅमेऱ्यापुढे धरलेली,
कडेला दोन बोटं.
"अजून जवळ," तो म्हणत होता,
"उजेडाकडे वळव जरा.
हां. आता दिसतंय."