खिशातले दाणे

पुकाकांचा गावाच्या शेवटच्या गॅरेजमागे
टायरांचा ढीग संपतो
आणि पाणथळ सुरू होते.
मध्ये एक तार, एक लोखंडी फाटक
आणि वहीत नाव लिहायला लावणारी इलारिया.

"देश?" मी लिहिला.
"उंची?" मला वाटले, माझी.
ती हसली. तुमच्या गावाची, म्हणाली,
म्हणजे किती हळू चालवायचे ते ठरवता येते.
मी लिहिले, पाचशे साठ मीटर.
विहिरीतून वर काढलेल्या माणसाकडे पाहावे
तसे तिने माझ्याकडे पाहिले
आणि कोकाची चार पाने तळहातावर ठेवली.

इथे, साडेचार हजारांवर,
श्वास उधारीने मिळतो.
दर वीस पावलांना थांबायचे, मागायचा,
थोडा मिळाला की निघायचे.

पायाखाली हिरव्या उशा, गच्च, भिजलेल्या.
दिसतात मऊ. हात टेकला तर टोचल्या.
यांच्यावर फक्त अल्पाकांनी चालायचे, इलारिया म्हणाली,
त्यांच्या तळव्यांना लाज आहे, बुटांना नाही.
खाणीचा एक ट्रक रस्ता चुकून इथे वळला होता,
सहा वर्षांपूर्वी.
दोन काळ्या चऱ्या अजून तशाच, पाण्याने भरलेल्या,
आणि त्यांतल्या एकीच्या काठावर टिटवी.
रंग वेगळा, पण ओरडणे तेच,
आपण काहीतरी चोरायला आलोय अशा खात्रीचे.
इतक्या लांब येऊन
ओळखीच्या आवाजात शिव्या खाल्ल्या, बरे वाटले.

इलारियाच्या उजव्या खिशात मक्याचे दाणे.
बर्फगार वाऱ्यात पांढऱ्या हंसांची जोडी दिसली
की एक पांढरा दाणा डाव्या खिशात.
काळा दाणा अहोयासाठी.
अहोया म्हणजे आपला चांदवाच,
पण बदकाहून थोर, लाल पायांचा,
शेवाळाचा तराफा बांधून त्यावर
तलाठ्यासारखा बसलेला.

"मोठा झाला की याला उडता येत नाही," ती म्हणाली.
"कोवळा असतो तेव्हा उडतो, एखादे तळे पसंत करतो,
मग खातो, खातो, जड होतो
आणि राहतो."
थोडे चालून गेल्यावर, मागे न बघता:
"आमचा एदिल्बेर्तो उलटा.
इथे होता तोवर उठवत नव्हते त्याला.
आता आरेकिपात टॅक्सी चालवतो,
रविवारी फोनमध्ये मावतो."

दुपारनंतर गारा आल्या, साबुदाण्याएवढ्या,
आणि उजव्या खिशात एक काळा दाणा उरला.
दक्षिणेकडचा तराफा रिकामा होता.
आम्ही दगडाआड उकिडवे बसलो.
"तुझे डोळे तरुण आहेत, बघ."
मी बघितले. लव्हाळ्यात काहीतरी काळे, गोल, हलणारे.
"ते?"
"ते टायर आहे," ती म्हणाली,
"जूनपासून. मीही एकदा मोजले होते."

चारला फाटक बंद होते. साडेचार झाले.
कोणी कोणाला घाई केली नाही.
पाण्यावर ढगाची सावली आली, गेली,
मग ढग नसतानाच सावली आली.
उठताना तिने गुडघ्यावर हात दिला,
त्या हाताची मूठ मिटलेली होती.

परत वहीपाशी शेवटचा रकाना: काय पाहिले?
मी लिहिले, अहोया एकेचाळीस.
तिने वही स्वतःकडे ओढली,
एकेचाळीस खोडले, बेचाळीस केले.
पेन तसेच धरून थोडा वेळ
खिडकीतून पाहत राहिली.
मग बेचाळीस खोडले, त्याच्या बाजूला,
जागा नव्हती म्हणून बारीक अक्षरात,
पुन्हा एकेचाळीस.

गॅरेजवरचा दिवा लागला.
टिटवी त्याच्यावरही ओरडली.