पोटखराबा

कोलशेतच्या एका सातबाऱ्यावर
तीन एकर एकतीस गुंठे पोटखराबा,
आणि इतर हक्कांत कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलेलं:
घोड्यांची वाट.
पेन्सिलीला कायद्यात किंमत नाही.
तरी मी खोडरबर लावला नाही.

साखळीचं दुसरं टोक दामा भोईरच्या हातात असायचं.
तो सांगे, उधाण नसलेल्या रविवारी
राबोडीचे टांगेवाले टांगे स्टेशनाबाहेर टेकवून
नुसते घोडे इथवर आणत.
खोगिराऐवजी गोणपाट,
निशाण म्हणजे मिठागराच्या मुकादमाचं उपरणं.
बक्षिसाला पैसा नव्हता.
जिंकेल त्याचा टांगा आठवडाभर
स्टँडवर पहिल्या नंबरला.

इसाक नालबंदाची घोडी, नाव टपाल,
उजव्या डोळ्यानं आंधळी.
डावं वळण मात्र असं घ्यायची
की सुरी फिरावी पापलेटाच्या कडेनं.
लागोपाठ नऊ रविवार पहिला नंबर इसाकचाच.
दहाव्याला बाकीच्यांनी ठराव केला:
आजपासून उलटं धावायचं.

"घोरी वललीच नाय,"
दामा हसून साखळी सैल सोडायचा.
सरळ गेली. बांध ओलांडून, मिठाच्या राशीतून,
बाळकुमच्या नाक्यावरून,
पाय गुडघ्यापर्यंत पांढरे.
इसाक चालत पोचला तेव्हा
ती स्टँडवर उभी,
पहिल्या नंबरला.

यावर भांडण झालं ते मिटलंच नाही.
मिटायच्या आधी रिक्षा आल्या.
इसाकनं पंक्चरचं दुकान टाकलं.
वाटेवर आधी खाजणातलं गवत आलं, मग पोरांचं क्रिकेट,
मग आम्ही, शंकू, साखळी, लाल शाई घेऊन.

साखळी वळत नाही.
म्हणून पश्चिमेचं ते वळण मी
बारा सरळ तुकड्यांत मोजलं,
सांध्यांवर अकरा दगड, नकाशाखाली माझी सही.
वर्षभरात पोटखराबा बिनशेती झाला.

आता तिथं बत्तीस मजले.
नातीला शाळेच्या बसवरून आणायला जातो
तेव्हा माळी कुरकुरत असतो:
ही भिंत कुणी आखली असेल, साहेब,
धड सरळ नाही, धड गोल नाही,
अकरा कोपरे, अकरा ठिकाणी पाचोळा.

मी काही बोलत नाही.
परवा पाचव्या कोपऱ्याशी
उजवा डोळा मिटून उभा राहिलो.
नातीनं बाही ओढली:
आजोबा, वळा ना.