चमचा सोडायचा नाही

भातगिरणीच्या चाळण्या तपासायला गेलो होतो
मर्मेंटो नदीच्या काठी, पाच दिवसांच्या बोलीवर.
तिसऱ्या दिवशी पट्टा तुटला.
नवा ह्यूस्टनहून यायचा.
फोरमन क्लोव्हिस म्हणाला, मोटेलात भिंती काय मोजतोस,
घरी चल, कोंबडी कापलीय.

तोवर मी पेट्रोलपंपावर जेवत होतो.
हसू नका. तिथे इंजिन ऑइलच्या डब्यांशेजारी
गरम बुदँ मिळतं, आतड्यात भरलेला भात आणि डुकराचं मांस.
लोक बॉनेटला टेकून ते चोखून खातात
आणि उरलेली साल कुत्र्यापुढे टाकतात.
मला वाटलं, झालं, कळलं इथलं खाणं.

ओडालीनं, क्लोव्हिसच्या बायकोनं,
बिडाच्या भांड्यात तेल ओतलं, तेवढाच मैदा,
आणि लाकडी चमचा माझ्या हातात दिला.
नमनालाच घडाभर तेल, मी मनात म्हटलं.
"हलवत राहा. फोन वाजू दे, दार वाजू दे, घर पेटू दे,
चमचा सोडायचा नाही."

पांढरा. मग वाळूचा. मग शेंगदाण्याच्या फोलाचा.
खिडकीबाहेर, भात निघालेल्या खाचरांत,
पाण्यातून लाल पिंजऱ्यांची तोंडं वर आली होती.
क्रॉफिश का, एवढं विचारायला मान वळवली
तेवढ्यात करपलं.
काळे ठिपके वर आले, तिळासारखे.

ओडाली रागावली नाही.
भांडं उचललं, मागल्या दारी रिकामं केलं, पुसलं.
पुन्हा तेल. पुन्हा मैदा.
"माझे पहिले सात असेच गेले."

या वेळी ती शेजारी उभी राहून बोलत राहिली,
माझी नजर भांड्यातून हलू नये म्हणून.
सहा वर्षांची असताना शाळेत गेली, इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता.
बाहेर जाऊ का, हे तिनं फ्रेंचमध्ये विचारलं,
म्हणून शंभरदा लिहायला लावलं, न येणाऱ्या भाषेत:
मी फ्रेंच बोलणार नाही.
साठाव्या ओळीला फ्रॉक ओला झाला.
"मुलांशी मग इंग्रजीच बोलले मी.
चुलीपाशी मात्र जीभ घसरते."
तिचा एल्रे समुद्रातल्या तेलविहिरीवर वेल्डर आहे.
त्याला चाळीसेक फ्रेंच शब्द येतात. सगळे खायचे,
तीन शिव्या सोडल्या तर.

रंग जुन्या तांब्याच्या पैशावर आला,
तशी तिनं कांदा, सेलरी, ढोबळी मिरची एकदम लोटली.
चर्रर्र झालं. "पवित्र त्रयी," म्हणत तिनं
ओल्या हातानं छातीवर क्रूस काढला.
पिता कांदाच असणार, त्यात शंका नव्हती.

दोन तासांनी भातावर गम्बो आलं,
आणि त्यात, माझ्या डोळ्यांदेखत,
तिनं बटाट्याच्या सॅलडचा गोळा सोडला.
आयुष्यभर तांदळातली कणी मोजणारा मी
गप्प बसलो, आणि खाल्लं.
धूर होता त्यात, आणि धुराखाली काहीतरी
दमट, गोडसर, उशिरा पोचणारं.
कोपरापर्यंत हात ठणकत होता.

क्लोव्हिसनं चमचा चाटला.
"फिका आहे. दोन मिनिटं हवी होती अजून."
ओडालीनं त्याला फ्रेंचमध्ये असं काही झापलं
की तो ठसका लागेपर्यंत हसला.
हसलो आम्हीही, एल्रे जरा उशिरा, मी त्याच्यानंतर.

मग माझ्याकडे झुकून एल्रेनं हळूच विचारलं,
"काय म्हणाली?"