तीस मिलिमीटर

अंबडच्या कारखान्यात माझं काम मायक्रॉनचं.
बोअर गेज आत सोडायचा, काटा थांबला की आकडा लिहायचा,
चार मायक्रॉन जास्त म्हणजे लाल खडू, लाल क्रेट.
आठ तासांत मी कुणालाच "चालतंय की" म्हणत नाही.

आणि तरी ही गाडी मी
पाथर्डी फाट्यावर, रस्त्याच्या दिव्याखाली,
पंधरा मिनिटांत घेतली.
पावणेचारशे सीसी, काळी, टाकीवर करडा पट्टा,
वाकून बसायला लावणारी.
विकणारा पोरगा पुष्कर देवरे.
सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत, दोन्ही चाव्या,
आणि किंमत त्यानेच कमी केली, मी तोंड उघडायच्या आधी.
तिथेच कळायला हवं होतं.

खालच्या आहेरकाकू म्हणाल्या, "स्कूटी नाही का मिळाली?"
म्हटलं, मिळत होती.

पहिल्या महिन्यात मनगटं धरली.
द्वारकाच्या सिग्नलला रेडिएटरचा पंखा सुरू झाला
की मांड्यांवर तव्याची वाफ.
मागचं टायर: पगाराचा तिसरा हिस्सा.
ब्रेकपॅड मुंबईहून येणार, "परवा", असं तीन वेळा.
पण रविवारी पहाटे, दिंडोरी रस्त्याला,
सहा हजारच्या पुढे काटा गेला की तिचा आवाज बदलतो.
चारचौघांत दबून बोलणारी बाई
घरी येऊन पदर खोचते, तसा.
तेवढ्यासाठी.

दर पाचशे किलोमीटरला चेन.
पार्किंगमध्ये स्टँड लावून, रॉकेल, जुना टूथब्रश,
पेपरवर काळे थेंब.
चाक हाताने फिरवत नव्वद नंबरचं ऑइल आतल्या बाजूने सोडायचं,
मग मधोमध बोट लावून वर ढकलायची, खाली ओढायची,
शेजारी स्टीलची पट्टी.
तीस मिलिमीटर.
चौतीस भरली तर मला झोप लागत नाही.

सगळं बरोबर, आणि तरी
विल्होळीच्या उतारावर हात सैल सोडले
की ती डावीकडे ओढायची. केसभर.

शरणपूर रोडचे याकोब उजागरे
गुडघ्यावर बसले, एक डोळा मिटून पुढून पाहिलं.
"पडलीय ही. डावीकडे.
आणि ज्याने उचलली ना, त्याने नंतर खूप पुसलीय.
सीटखालचे बोल्ट बघ, आरशासारखे.
तिथे कोण पुसतं?"
अकराशे रुपये आणि दोन चहांमध्ये त्यांनी ती सरळ केली.
बोल्ट मी तसेच ठेवले.

मार्चमध्ये फोन आला.
"ताई, गाडी आहे ना अजून? विकली नाही ना?"
सटाण्याहून एसटीने आला, पुढे रिक्षाने.
पार्किंगच्या तीन पायऱ्या उतरताना
कठड्याला धरलं त्याने.
वणीचा घाट म्हणाला. वळणावर खडी होती म्हणाला.
मागे कोण बसलं होतं, ते त्याने सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.

चावी पुढे केली. त्याने हात खिशात घातले.
मीटर वाचलं, आरसा वाचला,
टाकीवरचा पट्टा अंगठ्याने एकदा.
मग हळूच खाली बसला, एक पाय लांब ठेवून,
आणि चेन बोटाने उचलून पाहिली.

"थोडी ढिली आहे, ताई."

मी सकाळीच मोजली होती.
वर जाऊन पाना आणला, त्याच्या हातात दिला.
त्याने एक्सलचा नट सैल केला,
दोन्ही बाजूंच्या खुणा जुळवल्या, पुन्हा जुळवल्या,
नट आवळताना मानेची शीर ताठ झाली,
आणि हात काळे करून घेतले, कोपरापर्यंत,
तेवढं काम नसताना.
साबण मागितला नाही. तसाच गेला.

मागाहून पट्टी लावली: सव्वीस.
कारखान्यात असती तर लाल खडू, लाल क्रेट.

रविवारपर्यंत तशीच चालवली.