शून्य ते दहा

"शून्य ते दहा, किती दुखतंय?"
दूगर आजोबा छताकडे बघत म्हणाले, शून्य.
पित्ताशय काढून सोळा तास झालेले.
सोलोंगो सिस्टरनं शून्य लिहिलं नाही.

खोकून दाखवा, म्हणाली.
त्यांनी खोकला अर्ध्यात गिळला,
पोट दोन्ही हातांनी धरलं
बिथरलेली घोडी धरावी तसं.

"गेल्या हिवाळ्यात तीनशे मेंढ्या गारठून गेल्या.
दहा म्हणजे ते."

बाहेर चेचेर्लेगची धुराडी.
तिनं उशी दुमडून टाक्यांवर दाबायला दिली,
सलाईनमधून औषध सोडलं,
स्टूल ओढून बसली.
वीस मिनिटांनी: "आता कुशीवर वळता येईल?"

वळले.
भिंतीकडे तोंड करून, हळूच:
"मघाशी सात होतं, पोरी.
मुलाला सांगू नकोस."