चार वाजता

पहिल्या दिवशी मेल बंद पडली तेव्हा
आम्ही चहा मागवला.
दाद महंमदने करक आणला, वेलची जरा जास्तच.
सोहारला ऑक्टोबरातही काच तापते;
खिडकीबाहेर बंदराची क्रेन
काहीतरी सांगायला आल्यासारखी उभी.

तिसऱ्या दिवशी कंपनीचा निरोप :
‘आमचे अभियंते कसून काम करत आहेत.’
पाचव्या दिवशी तोच. पूर्णविरामसुद्धा तोच.
सहाव्या दिवशी नंबर फिरवला.
एक बाई गोड आवाजात म्हणाली,
आपण रांगेत एकविसावे आहात.
मग पत्र्याच्या डब्यात कोंडलेलं संगीत.
पन्नास मिनिटांनी मी बाविसावा होतो.

हे स्वस्तातलं पॅकेज मीच निवडलेलं.
हमूद शिजावी ते एकदाही बोलले नाहीत,
नुसते टेबलाशी येऊन उभे राहायचे,
बोटांत जपमाळ.

धक्क्यावर थंड कंटेनर, आत हिरवी केळी,
आणि केळ्यांचे कागद मेलच्या पोटात.
कासम परकारांचा फोन आला : कुठं हायत कागद?
मी म्हणालो (माझ्याच कानांनी ऐकलं)
‘आमचे लोक कसून काम करत आहेत.’

पलीकडे बराच वेळ काही नाही.
मग परकार म्हणाले, बाबा रे,
म्हाईत नाय तर नाय म्हन.
त्याला काय जकात पडते?

आठव्या दिवशी पाठकोरे कागद टाचले.
सत्तेचाळीस नावं, पुढे नंबर.
एकेकाला फोन :
कधी सुरू होईल, खरंच माहीत नाही.
पण चार वाजता परत करीन,
सांगण्यासारखं काही नसलं तरी.

आणि चारला करायचो.
काही नाही, म्हणायचो.
बरं, म्हणायचे.
सलालाच्या गोदामातले मुसल्लम एकदा म्हणाले,
काही नाही ना? मग माझं ऐक,
पहाटे मुलगी झाली.

अकराव्या रात्री तीन वाजून दहा मिनिटांनी
उशाशी फोन थरथरत राहिला.
चौदाशे मेल,
गोठ्याचं दार उघडल्यासारख्या एकमेकींवर चढून.
सगळ्यांत वर कंपनीची :
आमच्या सेवेला किती तारे द्याल?

गच्चीवर गेलो.
बंदराच्या उजेडात एक कसाबसा सापडला,
तोही विमान निघाला.

दुपारी चारला हात आपोआप फोनकडे गेला.
कागद पोचले, परकार म्हणाले,
निम्मी केळी काळी पडली.
मी गप्प.
बोल की, म्हणाले,
आज काय नाय?